पूर्वपक्षाचे ऋण

विज्ञानातील वादांची कथा आपल्याकडे बहुधा शेवटापासून मागे सांगितली जाते. निकाल आधीच ठाऊक असल्यामुळे जिंकणारा द्रष्टा ठरतो आणि हरणारा हटवादी. आल्फ्रेड वेर्नर आणि सोफुस माड्स योर्गेनसेन यांच्यात 1893 पासून सुमारे चौदा वर्षे चाललेल्या वादाचे असेच झाले आहे. बारावीच्या रसायनशास्त्राच्या पुस्तकात वेर्नर यांचा सिद्धांत येतो. योर्गेनसेन हे नाव मात्र बहुतेक विद्यार्थ्यांच्या कानांवरही पडत नाही. फार तर एखादा जाणता शिक्षक सांगतो, की सव्वीस वर्षांच्या वेर्नर यांना एका रात्री दोन वाजता जाग आली, कोड्याचे उत्तर त्यांच्यापुढे लख्ख उभे होते, आणि दुसऱ्या दिवशी संध्याकाळी पाचपर्यंत त्यांनी लेख पूर्ण केला. कथा सुरस आहे आणि कदाचित खरीही असेल. पण त्या रात्री वेर्नर यांच्या डोक्यात जी सामग्री होती ती कोणी जमवली होती, हा प्रश्न ती कथा विचारत नाही. प्रस्तुत लेख त्या प्रश्नाविषयी आहे.

कोडे बरेच जुने होते. कोबाल्टच्या लवणांवर अमोनियाची क्रिया होऊन काही निराळेच पदार्थ तयार होतात, हे 1798 मध्ये तासार यांनी नोंदवले होते. पुढच्या अर्धशतकात अशा पदार्थांची रांगच लागली. त्यांचे रंग इतके मोहक होते, की रसायनशास्त्रज्ञांनी त्यांची नावे रंगांवरूनच ठेवली. पिवळे ते ल्युटिओ, जांभळे ते पर्प्युरिओ, कांद्याच्या पातीसारखे हिरवे ते प्रॅसिओ आणि निळसर जांभळे ते व्हायोलिओ. भाषेच्या अभ्यासकाला येथे थांबावेसे वाटते. एखाद्या वस्तूचे नाव जेव्हा केवळ तिच्या दर्शनी रूपावरून ठेवले जाते, तेव्हा तिच्या अंतरंगाविषयी आपल्याला काही कळलेले नाही याची ती कबुलीच असते.

अडचण अशी होती. कोबाल्टची संयुजा तीन मानली, तर क्लोरीनचे तीन अणू जोडले गेले की तिची भूक भागते. अमोनियाचा रेणूही स्वतःपुरता पूर्ण आहे. मग ही दोन तृप्त कुटुंबे एकत्र कशासाठी येतात, आणि अमोनियाचे सहा, पाच किंवा चार रेणू एका कोबाल्टभोवती इतके घट्ट कसे बसतात? संयुजा कायम स्थिर असते असे मानणाऱ्या केकुले यांनी अशा पदार्थांना ‘रेणूंची संयुगे’ असे नाव देऊन एका बाजूला काढले होते. अणूंमधले बंध खरे, आणि रेणूंमधली ही जवळीक सैल, असा त्याचा अर्थ. पण ल्युटिओ लवण सैल म्हणावे असे मुळीच नव्हते. तीव्र आम्लातदेखील ते आपला अमोनिया सोडत नसे.

दुसरी गोष्ट त्याहून चमत्कारिक होती. ल्युटिओ लवणात कोबाल्टमागे क्लोरीनचे तीन अणू आणि अमोनियाचे सहा रेणू असतात. त्याच्या द्रावणात सिल्व्हर नायट्रेट घातले, की तिन्ही क्लोरीन पांढऱ्या साक्याच्या रूपाने ताबडतोब खाली बसतात. अमोनियाचा एक रेणू कमी असलेल्या पर्प्युरिओ लवणात दोनच क्लोरीन खाली बसतात. आणखी एक रेणू कमी असलेल्या प्रॅसिओत तर एकच. क्लोरीन तिन्ही ठिकाणी तीनच आहेत. मग काही हाकेसरशी बाहेर येतात आणि काही आत दडून राहतात, ते का?

स्वीडनमधील ब्लोमस्ट्रांड यांनी 1869 मध्ये एक उत्तर सुचवले. त्या काळी कार्बनच्या रसायनशास्त्राचा उत्कर्ष चालू होता. कार्बनचे अणू एकमेकांचे हात धरून साखळ्या करतात, या एका कल्पनेने हजारो पदार्थांचा उलगडा झाला होता. ब्लोमस्ट्रांड यांनी तीच प्रतिमा उचलली आणि अमोनियाचे रेणूही एकमेकांना जोडून साखळी करतात असे मांडले. कोपनहेगनच्या योर्गेनसेन यांनी ही कल्पना पुढे नेली. जो क्लोरीन थेट कोबाल्टला चिकटला आहे तो सुटत नाही, आणि जो अमोनियाच्या साखळीच्या टोकाला आहे तो सहज सुटतो, असे त्यांचे म्हणणे होते. ल्युटिओत तिन्ही क्लोरीन अमोनियाच्या पलीकडे आहेत, पर्प्युरिओत एक थेट धातूला लागला आहे, प्रॅसिओत दोन. हिशोब चोख जमत होता. ही मांडणी पुढे चुकीची ठरली, तरी ती मूर्खपणाची नव्हती हे आवर्जून सांगितले पाहिजे. जवळच्या क्षेत्रात यशस्वी झालेली उपमा शेजारच्या क्षेत्रात लावून पाहणे, ही विचाराची स्वाभाविक वाट आहे. साहित्यसमीक्षाही तेच करत आली आहे, आणि एखादी समर्थ उपमा आपली मर्यादा ओलांडून पुढे गेली तरी बराच काळ ते आपल्याही ध्यानात येत नाही.

योर्गेनसेन यांचा पिंड प्रयोगशील होता. 1878 च्या सुमारास हाती घेतलेल्या या कामात त्यांनी कोबाल्ट, क्रोमियम, ऱ्होडियम, प्लॅटिनम अशा धातूंची लवणे एकामागून एक तयार केली, शुद्ध केली आणि बारकाईने वर्णिली. 1893 मध्ये वेर्नर यांचा लेख प्रसिद्ध झाला, त्या वेळी या पदार्थांवर त्यांचा स्वतःचा एकही प्रयोग नव्हता. लेखात आधाराला घेतलेली माहिती इतरांची होती, आणि तिच्यातला मोठा वाटा योर्गेनसेन यांचा होता. उत्तरपक्षाने पूर्वपक्षाच्या घरातील धान्यावर स्वयंपाक केला, असे म्हटले तर अतिशयोक्ती होणार नाही.

वेर्नर यांचा जन्म 1866 चा, अल्सेसमधील म्यूलहाउझचा. त्यांच्या बालपणीच फ्रान्स-प्रशिया युद्धानंतर हा प्रांत फ्रान्सकडून जर्मनीकडे गेला. शिक्षण झ्युरिकला झाले. 1890 मध्ये हान्च यांच्या मार्गदर्शनाखाली त्यांनी नायट्रोजनच्या संयुगांतील अणूंच्या अवकाशातील मांडणीवर प्रबंध लिहिला. अणूंचा विचार कागदावरच्या रेघांत न करता अवकाशात करायचा, ही सवय तेथेच जडली असावी. 1893 च्या लेखात त्यांनी साखळीची उपमाच टाकून दिली. धातूच्या अणूला दोन प्रकारच्या संयुजा असतात, असे ते म्हणाले. पहिली मुख्य संयुजा, जी कोबाल्टच्या बाबतीत तीन आहे आणि जी क्लोरीनसारख्या घटकांनी भागते. दुसरी गौण संयुजा, जी कोबाल्टच्या बाबतीत सहा आहे. या सहा जागा धातूभोवती ठरावीक दिशांना असतात आणि त्यांत अमोनियाही बसू शकतो, क्लोरीनही. सहा जागांच्या आतल्या मंडळात जो बसला तो सुटत नाही. बाहेर राहिलेला क्लोरीन सिल्व्हर नायट्रेटच्या हाकेला धावतो.

पर्प्युरिओ आणि प्रॅसिओचा हिशोब या मांडणीतूनही जमतो. मग श्रेष्ठ कोण? दोन्ही पक्ष जेथे वेगळे बोलतात तेथे जाणे भाग होते. अमोनियाचे तीनच रेणू उरले तर काय होईल? साखळीच्या सिद्धांतानुसार साखळी थोडी आखूड होईल, पण तिच्या टोकाचा एक घटक सुटा होऊ शकेल. वेर्नर यांच्या मते तीन अमोनिया आणि तीन आम्लघटक मिळून सहा जागा भरतील, बाहेर कोणी उरणार नाही, आणि असे द्रावण वीज जवळजवळ वाहून नेणार नाही. वेर्नर यांनी इटालियन सहकारी मिओलाती यांच्यासह 1893 आणि 1894 मध्ये विद्युत् संवाहकता मोजली. अमोनियाच्या जागी एकेक घटक बदलत गेला तशी संवाहकता पायरीपायरीने उतरत गेली, तीन अमोनियांच्या संयुगापाशी शून्याच्या जवळ आली आणि पुढे पुन्हा चढली. योर्गेनसेन यांनी या मापनांपैकी काहींवर शंका घेतल्या. शंका घेणे त्यांचे कामच होते.

खरा पेच आकाराचा होता. सहा जागा कशा मांडल्या आहेत? क्ष-किरणांनी स्फटिकाच्या आत डोकावण्याची सोय तेव्हा नव्हती. वेर्नर यांच्यापाशी एकच साधन होते, ते म्हणजे मोजणी. चार अमोनिया आणि दोन क्लोरीन सहा जागांवर बसवायचे आहेत. जागा सपाट षट्कोनाच्या कोपऱ्यांवर असतील, तर दोन क्लोरीन लगत, एक सोडून एक किंवा समोरासमोर बसतील. म्हणजे तीन भिन्न पदार्थ मिळावेत. त्रिकोणी लोलकाच्या सहा कोपऱ्यांवरही मोजणी तीनच येते. पण जागा अष्टफलकाच्या असतील, म्हणजे मध्ये कोबाल्ट आणि भोवती पूर्व, पश्चिम, दक्षिण, उत्तर, ऊर्ध्व आणि अधर या सहा दिशा असतील, तर दोनच प्रकार संभवतात. क्लोरीन एक तर परस्परांच्या विरुद्ध दिशांना, नाही तर शेजारच्या दिशांना. अशा मांडणीचे पदार्थ हिरवे आणि निळसर जांभळे असे दोनच आढळत होते. तिसरा कोणाला मिळाला नव्हता. म्हणून वेर्नर यांनी अष्टफलक निवडला.

मांडणीतला हा फरक केवळ बुद्धीचा खेळ नव्हता. चार जागांच्या प्लॅटिनम संयुगांसाठी वेर्नर यांनी त्याच लेखात सपाट चौकोन सुचवला होता. त्यात दोन क्लोरीन शेजारी किंवा समोरासमोर असू शकतात. शेजारी असलेले लवण इटलीच्या पेरोने यांनी 1844 मध्येच तयार केले होते. 1965 मध्ये अमेरिकेत रोझेनबर्ग यांना जिवाणूंवर विजेचा परिणाम तपासत असताना अनपेक्षितपणे त्या लवणाचा पेशीविभाजनावरील प्रभाव सापडला, आणि 1978 पासून ते सिसप्लॅटिन या नावाने कर्करोगावरील औषध म्हणून तेथे मान्यता पावले. समोरासमोर क्लोरीन असलेले त्याचे भावंड, अणू तेच आणि तितकेच असूनही, या कामी निरुपयोगी ठरले. कोण कोणाशेजारी बसतो यावर इतके अवलंबून असते.

आता योर्गेनसेन यांची हरकत ऐकली पाहिजे. तिसरा प्रकार सापडला नाही, एवढ्यावरून तो नाहीच असे कसे म्हणता येईल? अभाव हे प्रमाण दुर्बळ असते, हे आपल्याकडच्या न्यायशास्त्राच्या विद्यार्थ्यालाही मान्य होईल. शिवाय हिरवी आणि निळसर जांभळी जोडी तेव्हा ज्या लवणांत माहीत होती त्यांत अमोनियाऐवजी एथिलीनडायअमीन हा कार्बनयुक्त घटक होता. रंगभेदाचे कारण त्या कार्बनी घटकाच्या जोडणीत असावे, जागांच्या भूमितीत नव्हे, असे योर्गेनसेन यांचे प्रतिपादन होते. तुमचा सिद्धांत खरा असेल तर निव्वळ अमोनियाचेही निळसर जांभळे लवण असले पाहिजे. ते कोठे आहे? प्रश्न अचूक होता. वेर्नर यांच्याजवळ चौदा वर्षे त्याला उत्तर नव्हते.

1907 मध्ये ते लवण वेर्नर यांच्या झ्युरिकच्या प्रयोगशाळेत तयार झाले. ते अस्थिर होते, तेवढ्यासाठीच इतका काळ हाती लागले नव्हते. योर्गेनसेन तेव्हा सत्तरीला आले होते, आणि साखळीच्या सिद्धांतावर त्यांनी आयुष्याची तीन दशके खर्चली होती. त्यांनी वेर्नर यांची मांडणी मान्य केली. स्वतः मागितलेला पुरावा समोर आल्यावर तो पुरावाच नाही असे म्हणण्याची वाट त्यांना मोकळी होती. ती त्यांनी घेतली नाही. वेर्नर यांनीही योर्गेनसेन यांच्या प्रायोगिक कामाचे मोल उघडपणे मान्य केले होते. आपल्याकडील वाङ्मयीन वादांचा इतिहास ज्यांना ठाऊक आहे त्यांना या दोन्ही कृतींची दुर्मिळता वेगळी सांगायला नको.

प्रतिपक्षाने शस्त्र खाली ठेवले तरी काम संपले नाही. अष्टफलक खरा असेल तर त्यातून आणखी एक गोष्ट निघत होती. काही संयुगे डाव्या आणि उजव्या हातासारखी असली पाहिजेत. आरशातल्या प्रतिबिंबासारखी एक, पण एकावर एक तंतोतंत न बसणारी. अशी जोडी ध्रुवित प्रकाशाचे प्रतल एक डावीकडे आणि एक उजवीकडे वळवते. पाश्चर यांनी 1848 मध्ये टार्टारिक आम्लाच्या लवणात ही जोडी वेगळी केली होती, आणि 1874 मध्ये व्हान्ट हॉफ आणि ल बेल यांनी तिचा संबंध कार्बनच्या चार दिशांशी जोडला होता. कोबाल्टमध्ये ती जोडी दाखवण्यासाठी वेर्नर यांच्या प्रयोगशाळेत कित्येक वर्षे खटपट चालली. तेथील एक जागा तळघरातली होती, दिवसाही कृत्रिम उजेडावर चालणारी. विद्यार्थी तिला भुयारातल्या दफनभूमीचे नाव देत. 1911 मध्ये व्हिक्टर किंग या अमेरिकन विद्यार्थ्याच्या हातून अखेर जोडी विलग झाली.

या शोधाला एक उपकथा आहे. एडिथ हम्फ्री या इंग्रज विद्यार्थिनीने वेर्नर यांच्याकडे 1901 मध्ये डॉक्टरेट मिळवली, आणि तिने बनवलेली कोबाल्टची लवणे झ्युरिकच्या संग्रहात राहिली. याच जातीच्या लवणांचे स्फटिक बनताना डावे आणि उजवे आपोआप वेगळे होऊ शकतात, तेव्हा पुरावा दहा वर्षे बाटलीत पडून होता, असा दावा 1987 मध्ये करण्यात आला. पुढे हा दावा वादग्रस्तही ठरला. त्याचा निकाल काहीही लागो, संग्रहातील स्फटिक आपण होऊन साक्ष देत नाहीत. त्यांना प्रश्न विचारणारा कोणी लागतो, आणि 1901 मध्ये तो प्रश्न त्या बाटलीला कोणी विचारला नव्हता.

1911 नंतरही एक शंका शिल्लक होती. किंग यांच्या संयुगात एथिलीनडायअमीन, म्हणजेच कार्बन, होता. प्रकाश वळवण्याचा गुण कार्बनचाच कशावरून नसेल? या शंकेलाही वेर्नर यांनी उत्तर दिले. 1914 मध्ये त्यांनी हेक्सॉल या संयुगाची जोडी विलग केली. त्यात मध्ये एक कोबाल्ट, भोवती तीन कोबाल्ट, आणि अमोनिया व हायड्रॉक्सिल; कार्बनचा मागमूस नाही. तीन घटकांनी मधल्या कोबाल्टला चिमट्यांसारखे दोन-दोन जागी धरले आहे. अशी रचना सपाट षट्कोनात किंवा साध्या त्रिकोणी लोलकात डावी-उजवी होऊ शकत नाही, अष्टफलकात होते. आता अष्टफलक अभावाच्या आधारावर उभा नव्हता. आणि हेक्सॉलची लवणे सर्वप्रथम कोणी तयार केली होती? योर्गेनसेन यांनी. रचना ओळखली वेर्नर यांनी, पदार्थ होता पूर्वपक्षाचा. त्याच वर्षी एप्रिलमध्ये योर्गेनसेन निवर्तले. वेर्नर यांना 1913 चे नोबेल पारितोषिक मिळाले होते, पण त्यांनाही फार आयुष्य लाभले नाही. 1919 च्या नोव्हेंबरात, त्रेपन्नावे वर्ष पुरे होण्याआधीच, ते वारले.

मोजणीने जे सांगितले होते ते डोळ्यांनी पाहण्याची वेळ त्यांच्यानंतर आली. क्ष-किरणांनी स्फटिकातील अणूंच्या जागा ठरवण्याची पद्धत 1912 आणि 1913 मध्ये लाउए आणि ब्रॅग पितापुत्रांच्या कामातून उभी राहिली. 1921 मध्ये वायकॉफ आणि पोस्न्याक यांनी अमोनियम क्लोरोप्लॅटिनेटचा स्फटिक तपासला. प्लॅटिनमभोवती क्लोरीनचे सहा अणू अष्टफलकाच्या टोकांवर होते. 1922 मध्ये कॅलिफोर्नियात डिकिन्सन यांना चार क्लोरीनांच्या प्लॅटिनम संयुगात सपाट चौकोन दिसला. दोन्ही ठिकाणी वेर्नर बरोबर ठरले. याच डिकिन्सन यांनी पुढल्या वर्षी आपला विद्यार्थी लायनस पॉलिंग याच्यासह मॉलिब्डेनाइट या खनिजाची रचना काढली, तेव्हा मॉलिब्डेनमभोवती गंधकाचे सहा अणू त्रिकोणी लोलकाच्या कोपऱ्यांवर आढळले. 1965 मध्ये ऱ्हेनियमच्या एका संयुगातही तोच आकार सापडला. वेर्नर यांनी कोबाल्टसाठी नाकारलेला आकार निसर्गाने सरसकट नाकारलेला नव्हता. अष्टफलक हा त्या त्या संयुगांपुरता सिद्ध करायचा सिद्धांत होता, आणि तो पुन्हा पुन्हा सिद्ध करायला लावणारा प्रतिपक्ष लाभला म्हणूनच तो टिकाऊ झाला.

एक प्रश्न वेर्नर यांच्या हयातीत अनुत्तरितच राहिला. गौण संयुजा म्हणजे नेमके काय? अमोनियाच्या नायट्रोजनपाशी इलेक्ट्रॉनांची एक मोकळी जोडी असते आणि ती धातूबरोबर वाटून घेतली जाते, हे स्पष्टीकरण 1920 च्या दशकात सिजविक यांनी दिले. 1929 मध्ये हान्स बेथे यांनी स्फटिकात चहूकडून घेरलेल्या आयनाचे ऊर्जास्तर कसे फुटतात हे गणिताने दाखवले. सहा दिशांना सहा शेजारी असले, की त्यांच्या रोखाने असलेल्या इलेक्ट्रॉनांना जास्त ऊर्जा लागते आणि मधल्या मोकळ्या दिशांतील इलेक्ट्रॉनांना कमी. मधली दरी शेजाऱ्यांवर अवलंबून असते, आणि त्या दरीइतका प्रकाश शोषला गेला की उरलेला आपल्याला रंग म्हणून दिसतो. व्हॅन व्हलेक यांनी ही कल्पना चुंबकीय गुणधर्मांना लावली, आणि तिची कसोटी पाहणाऱ्या मोजमापांत 1930 च्या दशकातील के. एस. कृष्णन आणि त्यांच्या सहकाऱ्यांच्या कलकत्त्यातील मोजमापांचा महत्त्वाचा वाटा होता. वेगवेगळ्या दिशांना धरलेला स्फटिक चुंबकाला किती वेगळा प्रतिसाद देतो, हे त्यांनी अतिशय नाजूक उपकरणांनी मोजले. ल्युटिओ पिवळे का आणि पर्प्युरिओ जांभळे का, याचे उत्तर अशा रीतीने त्यांच्या नामकरणानंतर कित्येक दशकांनी मिळाले.

आपल्या शास्त्रग्रंथांत एक शिस्त होती. स्वमत मांडण्याआधी पूर्वपक्ष मांडायचा, आणि तो इतक्या प्रामाणिकपणे, की प्रतिपक्षीयाने वाचले तर त्याने मान डोलवावी. पुष्कळदा हरलेल्या मतांची आपल्याला आज जी ओळख आहे ती त्यांचे खंडन करणाऱ्यांनी ती नीट उतरवून ठेवली म्हणून. आधुनिक विज्ञानाच्या पाठ्यपुस्तकांनी ही शिस्त सोडली आहे. तेथे उत्तर असते, प्रश्न विचारणारा नसतो. मग विद्यार्थ्याला वाटते, की अष्टफलक कोणाला तरी रात्री दोन वाजता दिसला आणि जगाने तो मानला. त्या आकाराला एकवीस वर्षे कोणकोणत्या शंकांना तोंड द्यावे लागले, हे त्याला कळत नाही. आणि ज्या विद्यार्थ्याला शंका सुचते, तो तिला आपल्या बुद्धीची उणीव समजून गप्प बसतो. वेर्नर यांच्या धड्यात योर्गेनसेन यांची हरकत चार ओळींत आली आणि ‘तुमचे निळसर जांभळे लवण कोठे आहे’ हा त्यांचा प्रश्न वर्गात एकदा मोठ्याने विचारला गेला, तर त्या विद्यार्थ्याला आपली शंकाही बोलून दाखवता येईल.